तिघांच्या गाडीची डिस्क

आमच्या गावच्या देवळातली पूजा भावकीत पाळीने फिरते. एक वर्ष या घराकडे, एक वर्ष त्या घराकडे, तिसरं आमच्याकडे. देव काही तक्रार करत नाही, म्हणून ही पद्धत इतकी वर्षं टिकली असावी. आम्ही तिघा भावांनी मिळून सात सीटची भलीमोठी गाडी घेतली, तेव्हा दादाने तिलाही हीच पद्धत लावली. चार महिने माझ्याकडे डोंबिवलीत, चार महिने दादाकडे शहाडला, चार महिने धाकट्याकडे घोडबंदर रोडला. गाडी देवासारखी गप्प बसत नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

या पाळीचा एक नियम होता. तो कुणी केलेला नव्हता, पण कुणी मोडतही नव्हता. ज्याच्या चार महिन्यांत गाडीचं काही बिघडेल, त्याला गाडी चालवता येत नाही, असं बाकीच्या दोघांनी जन्मभर म्हणायचं. आधीच दादा म्हणतो की मी क्लचवर पाय ठेवून डुलकी काढतो. धाकटा म्हणतो की दादा गाडी चालवत नाही, तिला फिरायला नेतो. आणि आम्ही दोघं धाकट्याविषयी काय म्हणतो ते छापण्यासारखं नाही.

यंदा पूजा आमच्या घराकडे आली. आमच्या घराची रीत अशी की पाळी सुरू होते त्या दिवशी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने देवाला पहिलं फूल वाहायचं. ती बाई म्हणजे आई. मागच्या पाळीला तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून फूल दुसऱ्या घरच्या काकूने वाहिलं. ते फूल तीन वर्षं आईच्या घशात अडकून बसलंय. आता ती ब्याऐंशीची आहे. डॉक्टरांनी बुटक्या सीटवर बसायला कायमची मनाई केलेली, त्यामुळे भाड्याची गाडी, माझ्या मेहुण्याची गाडी, सगळं बाद. तिला नीट बसता येतं ते याच एका गाडीच्या पुढच्या उंच सीटवर. आणि आमचं गाव असं खोलात वसलेलं की महामार्ग सोडला की सहा किलोमीटर नुसता उतार. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही.

पूजेची पाळी सुरू व्हायला पाच दिवस असताना मी धाकट्याकडून गाडी आणायला गेलो. त्याची बायको किल्ली देताना म्हणाली, "भावोजी, ब्रेक जरा बघून घ्या हां."

धाकटा घाईघाईने म्हणाला, "काही नाही रे. हिला सगळ्यात खोट दिसते."

"तुमच्यात दिसली ती खरी निघाली ना?" ती म्हणाली आणि आत गेली.

गाडी घेऊन निघालो. ब्रेक मारला की स्टीअरिंग हातात थरथरायचं. पण आमच्या भागात गाडी थरथरणं हा कशाचाच पुरावा होत नाही. खड्डा असतो, खड्ड्यावर बसवलेले पेव्हर ब्लॉक असतात, पेव्हर ब्लॉक उखडून केलेला नवा खड्डा असतो. मी प्रत्येक हादरा रस्त्याच्या नावावर टाकत घरी आलो. दुसऱ्या दिवशी मात्र बायकोला घेऊन नव्या काँक्रीटच्या रस्त्यावरून गेलो. गुळगुळीत, टेबलासारखा रस्ता. सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी थंडी भरल्यासारखी कुडकुडली.

"आता कुणाचं नाव घेणार?" बायको म्हणाली.

मी कुणाचंच घेतलं नाही. कारण वर्षभरापूर्वी, माझ्या मागच्या पाळीत, ब्रेकमधून कर्रकर्र आवाज यायचा. मी डोंबिवलीतल्या गॅरेजमध्ये गुपचूप पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतलेले. तिथला माणूस म्हणालेला, "साहेब, डिस्क पण बघायला पाहिजे." मी म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी म्हणजे दादाच्या पाळीत, हे मनातल्या मनात म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

आता पळायला जागा नव्हती. डोंबिवलीतल्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून शहाडहून मोहन्याकडे जाताना रस्त्यालगत एक गॅरेज आहे, तिथे गेलो. मेकॅनिक माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर ठेवून डोळे बारीक करणारा. त्याने गाडी ओळखली.

"ही तर तुमच्या मोठ्या भावाची."

"तिघांची आहे."

"हां, ते बोललेले. पॅड बदलून गेले इथून. बोलले, भावांना सांगू नको."

दादाला नावं ठेवण्याची माझी लायकी नव्हती.

त्याने चाक उतरवलं. आत ती डिस्क, ब्रेक मारला की पॅड जिला दोन्ही बाजूंनी आवळतात ती, जेवणाच्या ताटाएवढी, चकचकीत. मला तर ती उत्तम दिसली आणि मी तसं म्हणालोही. त्याने माझा हात धरला आणि माझं बोट डिस्कच्या काठावर फिरवलं. काठाला कड लागली. आतला सगळा भाग झिजून खाली गेलेला आणि पॅड जिथे पोचत नाही तो कडेचा काठ तेवढा उंच राहिलेला.

"ही बाहेरची बाजू. आता आतली बघा."

आतल्या बाजूला वाकून टॉर्च मारला तर जुन्या रेकॉर्डसारख्या खोल रेघा. त्याने व्हर्नियर लावून जाडी मोजली, दोन-तीन ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा. मग डिस्कवरच कोरलेला बारीक आकडा दाखवला. यापेक्षा पातळ झाली तर फेकायची, असा त्याचा अर्थ. आमची डिस्क त्याच्याही दीड मिलिमीटर खाली गेलेली.

"आणि हे पॅड बघा," तो म्हणाला. "नवेकोरे. हे काय मी बसवलेले नाहीत. माझ्यानंतर कोणीतरी बदलले."

माझ्यानंतर दादाने, दादानंतर धाकट्याने. एका वर्षात तीन जोड. तिघांनी आपापल्या पाळीपुरता आवाज बंद केला आणि गाडी धुऊनपुसून पुढच्या भावाच्या हवाली केली.

"डिस्क वरखाली झाली की नवा पॅडपण टिकत नाही," मेकॅनिक म्हणाला. "मी तेव्हाच बोललेलो तुमच्या भावाला, डिस्क मोजू. बोलले राहू दे, माझे दहाच दिवस उरलेत."

"अशी घाट उतरेल का?"

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "कोण बसणार आहे?"

"आई."

"मग कशाला विचारता?"

दादा तिथून पाच मिनिटांवर राहतो. फोन करून माझ्या पॅडचंही कबूल केलं, तर बनियनवर शर्ट चढवत आला. येताना बोलायचं ठरवून आला असावा, पण उतरवलेलं चाक बघून त्याचं ठरलेलं सगळं गेलं. मग पहिल्यांदा तो मेकॅनिकवर उखडला, "तुला सांगितलेलं ना सांगू नको म्हणून?" आणि मग माझ्यावर, "तू पहिला बदललास ना? मग सुरुवात तुझी!" मग म्हणाला, लेथवर घासून सपाट करून घेऊ, काम भागेल.

"घासायला काय उरलंय त्यात?" मेकॅनिक म्हणाला. "पापड करू का?"

धाकट्याला स्पीकरवर घेतलं. तो आधी म्हणाला की मी तर पॅड बदललेच नाहीत. मग म्हणाला की बदलले, पण तुम्हाला सरप्राईज म्हणून. दादाने त्याला जे ऐकवलं त्यात आमच्या बालपणाचा उल्लेख तीनदा आला.

डिस्क ठाण्याहून मागवावी लागली. एक नाही, पुढची जोडी, कारण एकच बदलली तर गाडी एका बाजूला ओढते. आणि त्यावर पुन्हा नवे पॅड, चौथा जोड. माल यायला दोन दिवस लागतील, असं कळलं. लागले तीन. या तीन दिवसांत आईने माझ्यासमोर बसून दोनदा बॅग भरली आणि दोनदा विचारलं, "गाडी कुठे दिसत नाही?"

"सर्व्हिसिंगला," मी म्हणालो. माझी बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. चोवीस वर्षांच्या संसारात अशा नजरेचा अर्थ विचारावा लागत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी डिस्क आल्या. मदत करावी म्हणून मी एक उचलायला गेलो तर मेकॅनिक ओरडला, "हात नका लावू! डोक्याला तेल लावून आलाय ना!" त्याने डिस्कवरचं गंजू नये म्हणून लावलेलं तेल स्प्रे मारून पुसून काढलं, जिथे डिस्क बसते तिथला गंज तारेच्या ब्रशने घासला, मग दोन्ही बसवल्या. माझ्या हातात दोन चहाचे ग्लास दिले आणि म्हणाला, "हे धरा. हीच मदत."

मग त्याने शेवटची अट घातली. नवी डिस्क आणि नवा पॅड एकमेकांना सरावल्याशिवाय घाट उतरायचा नाही. मोकळ्या रस्त्यावर जाऊन तीस-चाळीस वेळा मध्यम ब्रेक मारायचा. कचकन नाही, दाबून धरूनही नाही, आणि मध्ये थंड व्हायला वेळ द्यायचा.

एवढ्यात धाकटाही रजा टाकून आलेला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा आम्ही तिघं भाऊ त्या गाडीत एका वेळी बसलो आणि मुरबाड रोडला लागलो. प्रत्येकाने दहा-दहा ब्रेक मारायचे असं ठरलं. इथेही पाळीच!

दादा बसला. त्याचा पाय ब्रेकवरून निघेचना. "अरे सोड, सोड!" धाकटा मागून ओरडला. "इस्त्री फिरवतोयस का?" मग धाकटा बसला. पहिल्याच ब्रेकला माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. दादा म्हणाला, "हा असा मारतो रोज, म्हणून डिस्क वाकडी झाली." मग मी बसलो. चार ब्रेक झाल्यावर दादा हळूच म्हणाला, "तू ब्रेक आणि क्लच एकाच वेळी दाबतोस रे. लांबूनच. मग इंजिन गाडीला धरेल कसं? सगळा भार डिस्कवर."

त्याचं खरं होतं. तिघांचंही खरं होतं. त्या रस्त्यावर आमच्या मागून येणाऱ्या टेंपोवाल्याने मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून आम्हाला जे नाव ठेवलं, ते तिघांना मिळून एकच होतं.

संध्याकाळी तिघंही डोंबिवलीला आईसमोर बसलो. तिच्याशी खोटं बोलून तिला त्या उतारावर न्यायचं, हे कुणालाच पटेना. दादाने सुरुवात केली, "आई, एक सांगायचं होतं. ते ब्रेकचं..."

"पॅड बदललेस ते ना?" आई म्हणाली. "सांगितलंस की गणपतीत. आणि याला सांगू नकोस म्हणालास." मग माझ्याकडे वळली. "तूही सांगितलेलंस. दादाला कळू देऊ नको म्हणून." धाकट्याकडे तिने फक्त बोट दाखवलं. "याने तर माझ्या गळ्याची शपथ घातली."

"अगं, मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ किंचाळलो. "तूच बसतेस ना त्या गाडीत!"

"तिघांनी तिघांची शपथ घातली तर मी कुणाची मोडू? माझा आपला देवावर भरवसा होता. तुमच्यावर नव्हता."

बायको स्वयंपाकघरात हसतेय हे मला भिंतीतून कळलं.

"आता सगळं नवीन टाकलंय," दादा म्हणाला. "मी स्वतः चालवीन उद्या."

"उताराला नको," आई म्हणाली. "धाकटी सून चालवेल."

"तिने ही गाडी कधी चालवली?" मी विचारलं.

"मी त्यांच्याकडे राहायला होते तेव्हा चार वेळा मला ठाण्याला डॉक्टरकडे तिनेच नेलं. याच गाडीतून. तिच्या ब्रेकने माझा खुबा कधी दुखला नाही."

धाकटा छताकडे बघत होता. त्याने हेही आम्हाला सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे सहकुटुंब निघालो. महामार्गावर आळीपाळीने आम्ही चालवली. गावाचा फाटा आला तशी आई म्हणाली, "थांबव." धाकटी पुढे येऊन बसली, आरसे नीट केले, सीट पुढे ओढली. मधल्या सीटवर आम्ही तिघं भाऊ खांद्याला खांदा लावून, आणि मागे वहिनी आणि माझी बायको. धाकटीने दुसरा गिअर टाकला आणि गाडी इंजिनवर रोखत हळूहळू खाली सोडली. वळणाआधी ब्रेकला हलकासा स्पर्श, वळणावर पाय बाजूला. स्टीअरिंग शांत. गाडीने एकदाही अंग हलवलं नाही. आम्हा तिघांचे उजवे पाय मात्र प्रत्येक वळणावर जमिनीत रुतत होते, एकाच वेळी, कवायतीसारखे.

"भावोजी, माझी सीट ढकलू नका हो," धाकटी म्हणाली.

आई खिडकीतून बाहेर बघत होती. मांडीवर फुलांची परडी, ओला फडका घातलेली. सहाव्या किलोमीटरला नदी दिसली, मग पूल, मग देवळाकडे जाणारा सरळ रस्ता. दाराशी काकू वाट बघत उभी होती, ती लांबूनच दिसली. आईने फडका काढून फुलं बघितली आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

"आता तुमच्यापैकी कुणीही चालवा," ती म्हणाली. "सपाट आहे."