राबात गेलेला पाला

मढ गावाच्या वरच्या अंगाला रानात पुण्याच्या एका कॉलेजानं दोन खोल्या बांधल्या होत्या. तिथं मी स्वयंपाकाला होते. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. लाईट नव्हती, पाणी मीच ओढ्यावरून आणायचे. शिकायला आलेली पोरं थोडे दिवस टिकत, मग ताप येऊन नाहीतर कंटाळून परत जात. एक ताई तेवढी टिकली.

तिचं काम म्हणजे पाला कुजवणं. हिरड्याची पानं तोलून जाळीच्या पिशव्यांत भरायची, झाडाखाली ठेवायची आणि पाऊस सरला की किती उरली ते पुन्हा तोलायचं. लोक हसायचे. मीही हसले. पण दोन पावसाळे कुजलेला पाला दाखवल्याशिवाय तिची परीक्षा होणार नव्हती. एक पावसाळा झाला होता. दुसरा झाला की ती सुटणार होती, आणि मीही. माझे गुडघे गेले होते. पुढं जमणार नाही, असं मी सांगून टाकलं होतं.

उन्हाळ्यात आमच्याकडं राब भाजतात. भाताचं रोप करायचं त्या जागेवर शेण आणि पाला पसरून पेटवायचा. त्या पाल्यासाठी बायका रान पालथं घालतात. एका सकाळी ताई धावत आली. "मावशी, एकही पिशवी जागेवर नाही!"

खाली माझ्या थोरल्या जावेच्या भातखाचरातून धूर निघत होता. आम्ही उतरलो. जाऊ काठीनं जाळ सारखा करत होती.

"त्या पिशव्या तू आणल्यास?" मी विचारलं.

"आणल्या की. आयता बांधलेला पाला, कोन न्हेईना. लई वाळला व्हता."

"ताईचा होता तो."

जावेनं ताईकडं बघितलं. "पुन्याच्या पोरी बी राब भाजायला लागल्या व्हय? तुजं खाचर कुठंय गं?"

जाळ्या वितळून काळी ढेकळं झाली होती. ताई बांधावर बसून राहिली.

"रडू नगं बाई," जाऊ म्हणाली. "दोन भारे आणून टाकते. डोंगराला पाल्याचा काय तोटा?"

"वर्षभर कुजलेला होता हो तो," ताई म्हणाली.

"मंग दुसरा कुजंल. पाल्याला काय घाई?"

ताई मढला जाऊन पुण्याच्या सरांना फोन करून आली. सर म्हणाले, पहिल्यापासून कर, नाहीतर सोडून ये. म्हणजे आणखी दोन पावसाळे.

"मावशी, तुम्ही नसाल तर मला एकटीला इथं राहू देणार नाहीत," ती म्हणाली.

मला राग आला. तिचा नाही, जावेचाही नाही. पुन्हा ते पाणी, ती ओली लाकडं, तो धूर. "आधी जेवा," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जाऊ खरंच दोन भारे घेऊन आली. त्यात सगळ्या झाडांचा पाला होता. ताईला फक्त हिरडा हवा होता. मग आम्ही तिघी ओट्यावर पानं निवडत बसलो. जाऊ बडबडत होती, ताई तोलत होती.

"पिशव्यांना आता पाटी लावा," मी ताईला म्हणाले. "आणि पाण्याला दुसरं कुणीतरी बघा. मी फक्त भाकरी करीन."