ज्याची त्याची सुई

लोहाऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात मी तेव्हा नर्स होते. पाऊस लागोपाठ दगा देत होता. आडात गाळ उरला होता आणि केंद्राला टँकरचं पाणी यायचं. इंजेक्शनच्या पिचकाऱ्या काचेच्या असायच्या. टोचून झालं की सुई धुवायची, स्टोव्हवर उकळायची, बोथट झाली तर दगडावर घासायची. मग टोक कापसावरून ओढून बघायचं. धागा अडकला तर पुन्हा दगड. गावातल्या काही घरांत माझ्या हातचं पाणी चालत नसे, इंजेक्शन मात्र चालायचं. मला दोन्हीची सवय झाली होती.

एका दुपारी एक धनगराची बाई नवऱ्याला बैलगाडीत घालून घेऊन आली. तो साखर कारखान्याच्या उभारणीवर फिटर होता. तिथं लोखंडी तुळई मांडीवर पडून पाय मोडला आणि तो कित्येक महिने सोलापूरला अंथरुणाला खिळून राहिला. कळ थांबवायला तिथं पेथिडीन हे अफूच्या जातीचं औषध टोचायचे. हाड जुळलं, तो लंगडत घरी आला, पण इंजेक्शन सुटलं नाही. ओळखीच्या दुकानदाराकडून कुप्या आणायचा आणि स्वतःच टोचून घ्यायचा. आता त्याचा दंड कोपरापासून खांद्यापर्यंत लाल होऊन टरारला होता.

डॉक्टरांनी गळू कापून पू काढला. डॉक्टर तरुण होते, कामाला चोख, पण नशेचा त्यांना तिटकारा होता. "हे दुखणं नाही, नाद आहे. सोडला नाही तर हात जाईल," ते म्हणाले.

बायकोच बोलली, "रोज सोडतोच म्हणत्यात, साहेब. मग अंग थरथरतंय, उलट्या होत्यात, गडाबडा लोळत्यात. म्या कुठवर बघावं?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

काही आठवड्यांनी तो दुसऱ्या दंडाला गळू घेऊन आला. डॉक्टर त्या दिवशी जिल्ह्याला मीटिंगला गेले होते. पट्टी बांधताना मी म्हटलं, "तुमची सुई दाखवा बरं."

त्यानं खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत जनावरांना टोचायची जाड सुई होती, टोक वाकलेलं.

"कशानं धुता?"

"आडाच्या पाण्यानं. दुसरं हाय कुठं?"

"एकटेच वापरता?"

त्यानं मोकळं फडकं बोटाला गुंडाळलं. मग म्हणाला, "न्हाय, बाई. आमी दोघं हावत."

दुसरा म्हणजे आम्हाला पाणी आणणारा टँकरचा ड्रायव्हर. पाठीच्या दुखण्यापायी यानंच त्याला पहिल्यांदा टोचलं होतं.

मी ती सुई ठेवून घेतली. बाद केलेल्या सुयांतून दोन बारीक सुया घासून, उकळून त्याला दिल्या. "एक तुमची, एक त्यांची. अदलाबदल करायची नाही. वापरलेली आणून द्या, उकळलेली घेऊन जा. गढूळ पाणी शरीरात घालू नका." सोड म्हणून मी सांगितलं नाही. ते सांगणारे त्याला पुष्कळ होते.

तो नेमानं येऊ लागला. गळवं थांबली. डॉक्टरांना कळायला वेळ लागला नाही.

"तुम्ही त्याच्या व्यसनाला मदत करताय, सिस्टर."

"साहेब, तो तसंही टोचणारच आहे. निदान हात तरी राहील."

"आणि उद्या वर तक्रार गेली तर?"

"तर मी दिल्या म्हणून सांगा."

ते वॉर्डात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बॅगेतल्या काही सुया माझ्या ट्रेमध्ये ठेवल्या. "त्या ड्रायव्हरलाही बोलवा. मला त्याला तपासायचंय."

ड्रायव्हर आला नाही. टँकर रिकामा करायला आमच्या दारात उभा राहायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. त्याची सुई फिटरच न्यायचा, आणायचा. उन्हाळ्यात ड्रायव्हरचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी काविळीचं झाडपाल्याचं औषध दिलं. पोट फुगलं, शुद्ध गेली, आणि सोलापूरला नेताना वाटेतच तो गेला. कावीळ जुन्या सुईनं झाली की आणखी कशानं, हे आम्हाला ठरवता आलं नाही.

माती झाल्यावर फिटर केंद्रात आला आणि टेबलावर एक सुई ठेवली.

"ही त्याची. परत द्याया आलो."

मी ती उकळायला टाकली. तो उभाच होता. मग डॉक्टरांच्या दारात जाऊन म्हणाला, "साहेब, एकदम सोडाया सांगू नगा. त्यानं मी मरतो. थोडं थोडं कमी करून बघाल का?"

डॉक्टरांनी त्याला बसायला खुर्ची दिली. त्या दिवसापासून तो डॉक्टरांच्या हातून इंजेक्शन घेऊ लागला आणि डॉक्टर दर थोड्या दिवसांनी औषध घटवत गेले. त्याला झोप लागायची नाही, नाक वाहायचं, चिडून बायकोच्या अंगावर धावून जायचा. ती शेरडं घेऊन माळावर जायची ती दिवस मावळल्यावरच परतायची.

दिवाळीनंतर इंजेक्शन पूर्ण बंद झालं. गळीत हंगामात कारखान्यावर उभं राहून पाय पुन्हा दुखू लागला आणि तो परत त्या कुप्यांच्या दुकानात गेला. नंतर माझ्याकडे आला, वापरलेली सुई पुढं केली, मान वर केली नाही. मी सुई घेतली, उकळलेली दिली आणि जेवण झालं का विचारलं. त्यानं मान डोलावली. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ते चिडले नाहीत.

पुढं गावच्या दूध सोसायटीत कॅन मोजून घ्यायचं काम त्याला मिळालं. माझी बदली परंड्याकडे झाली तेव्हा तो इंजेक्शनाविना होता.

बऱ्याच वर्षांनी तुळजापूरच्या स्टँडवर त्याची बायको भेटली. लेकीचं लग्न पार पडलं म्हणून देवीची ओटी भरायला आली होती.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"बरं हायती. पाय दुखतोय, गोळीवर भागवत्यात. लगनात सासऱ्याचा मान घ्याया सकाळधरनं मांडवात बसलं व्हतं," ती हसून म्हणाली. तिनं पिशवीतून लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. बसला अजून वेळ होता. आम्ही दोघींनी तिथल्याच बाकावर बसून तो अर्धा अर्धा खाल्ला.