सात मिनिटांची बाई आणि आईचं बी

बाबा तिला ‘तुझी बाई’ म्हणायचे. सकाळी सात वाजले की पडवीतून हाक यायची, “तुझी बाई लाव गो!” मी चहाचं आधण तसंच सोडून मोबाइल घेऊन धावायची.

बाई म्हणजे मोबाइलवरच्या एका पॉडकास्टमधली बाई. रोज एक विषय, सात मिनिटं, सगळं विज्ञानाचं. आवाज स्वच्छ, उगाच लाडिकपणा नाही, म्हणून मला ती आवडली. मी मुरबाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात सांगायला रोज काहीतरी ताजं मिळावं म्हणून ऐकायला लागले होते. सातवी शिकलेल्या आणि जन्मभर भात लावलेल्या माझ्या बापाला त्याची गोडी लागेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आई गेली त्या वर्षीची ही गोष्ट. आमचं घर शहापूरहून सापगावचा पूल ओलांडला की पुढे आत. लग्न मी केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. आई गेल्यावर घरात बाबा आणि मी दोघंच उरलो, आणि दोघांनाही एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. आमचं बोलणं आईमार्फत चालायचं. “तिला सांग, दिवा बंद कर.” “त्यांना विचार, भाकरी हवी का.” ती गेली आणि आम्ही समोरासमोर बसून नुसते चहा फुंकत राहायचो. मग एका सकाळी मी सहज मोबाइल लावला, आणि बाबा कान देऊन ऐकायला लागले.

आवाज मोठा व्हावा म्हणून त्यांनीच युक्ती काढली. रिकामं स्टीलचं पातेलं आणून त्यात मोबाइल उभा केला. बाई पातेल्यातून घुमायला लागली आणि बाबा खूश. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे ऐकल्यावर म्हणाले, “तीन? एकानं भागत नाय काय त्याला?” सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला आठ मिनिटं लागतात, हे ऐकून बराच वेळ अंगणातल्या उन्हाकडे बघत बसले आणि म्हणाले, “म्हंजे आपुन रोज शिळा ऊन खातो!” मी इतकी हसले की चहा सांडला. आई गेल्यावर त्या घरात झालेलं ते पहिलं हसू.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. मी ती सात मिनिटं कधीच पुरी ऐकली नाहीत. पाच-सहा मिनिटं झाली की उठायची. डबा भरायचा असायचा, आंघोळ असायची, मुरबाडची एसटी असायची. शेवटी काय, ‘आवडलं तर मित्रांना पाठवा’ असलं काहीतरी असणार, ते ऐकून काय करायचं? बाबा मात्र पातेल्यासमोरून हलायचे नाहीत. बाई म्हणाली, “उद्या पुन्हा भेटू,” की पडवीतून मला बाबांचा आवाज यायचा, “हा, या उद्या.” पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जावं तसं ते तिला रोज निरोप द्यायचे.

आता बियाचं सांगते.

आमच्या सगळ्या खाचरांत कंपनीचं बियाणं लागायचं, सगळ्यांचं लागतं तसंच. फक्त विहिरीकडची एक लहान पट्टी आईची होती. तिथे ती तिच्या माहेरचं, मुरबाडकडचं भात लावायची. लग्न होऊन आली तेव्हा एक पायली बी पदरात बांधून आणलं होतं म्हणे. कापणीच्या आधी ती एकटी पट्टीत उतरायची, चांगल्या भरलेल्या लोंब्या हातानं खुडायची, ओच्यात भरायची, आणि त्यांच्या जुड्या करून चुलीवरच्या वाशाला टांगायची. धुरानं कीड लागत नाही. पुढच्या वर्षाचं बी म्हणजे तेवढंच. बाकीचं भात आम्ही खायचो. लालसर तांदूळ, शिजताना वास थेट अंगणापर्यंत. बाबांनी त्या भाताला कधी ‘चांगला झालाय’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. नुसतं ताट पुढे सरकवायचे, आई पुन्हा वाढायची.

आई गेली ती कापणीच्या तोंडावर. दिवसकार्य उरकल्यावर बाबा स्वतः पट्टीत उतरले, लोंब्या निवडल्या आणि जुड्या बांधून टांगल्या. आईच्या हातचं काम, त्यांना ते धड जमलं नव्हतं. जुड्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. मी त्यांना हसले नाही एवढाच काय तो शहाणपणा माझ्याकडून घडला.

मार्चमध्ये एका सकाळी बाईनं मातीचा विषय घेतला. मूठभर मातीत किती जीव असतात, ते काय काय कामं करतात, आणि माती भाजली की ते कसे मरतात, असं सगळं. मी ताडकन बाबांकडे बघितलं. आमच्या दारासमोरच राबाची तयारी पडली होती. आमच्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यावर वाढवायचं, तिथे उन्हाळ्यात शेण, टहाळं, पालापाचोळा, गवत असे थर पसरतात, वर माती भुरभुरतात आणि ते सगळं धुमसत जाळतात. त्यालाच राब भाजणं म्हणतात. आमच्या भागात राब न भाजणारा माणूस मी तरी बघितला नव्हता.

“ऐकलंत का बाबा? आपण दरवर्षी मातीचा जीव घेतो!”

बाबांचा कान पातेल्याकडेच होता. मी उठले, डबा भरता भरता आतूनच बोलत राहिले. काय काय बोलले ते आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. म्हणाले, जुनं ते सगळं सोनं नसतं. म्हणाले, धूर होतो, झाडं तुटतात, आणि मिळतं काय? डोंबल! माझ्या बडबडीत पातेल्यातली बाई पुढे काय बोलत होती, ते माझ्या कानावरही आलं नाही.

त्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात योजना तयार झाली. संध्याकाळी घरी येऊन मी शास्त्रज्ञासारखं तोंड करून सांगितलं की सगळा राब बंद करायला मी सांगत नाही. विज्ञानात प्रयोग लहान तुकड्यावर करतात. बिघडलं तर थोडक्यात बिघडावं.

“मग लहान तुकडा कोनचा?” बाबांनी विचारलं.

“आईच्या पट्टीचं रोप. ते थोडंसंच तर असतं.”

हे वाक्य मी बोलले. मीच. मी मेली शहाणी. थोडंसं आहे म्हणून मी ते निवडलं, आणि थोडंसं आहे म्हणजे जगात तेवढंच आहे, हे माझ्या बी.एस्सी. झालेल्या डोक्यात आलं नाही. कंपनीचं बियाणं बिघडलं असतं तर शहापूरच्या दुकानात दुसरी पिशवी होती.

बाबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, “बरा. तू बोलतेस तर तसा करू.”

जूनमध्ये बाकीचं बी भाजलेल्या राबात पडलं आणि आईचं बी कोऱ्या मातीत. पंधरा दिवसांत काय ते दिसलं. राबातलं रोप काळंभोर, दाट. आईच्या तुकड्यात भातापेक्षा तण जास्त, आणि त्यातलं निम्मं भातासारखंच दिसणारं. बाबा रोज सकाळी तिथे उकिडवे बसून एक एक काडी निरखायचे आणि तण उपटायचे. मीही रविवारी बसले, तर तणाऐवजी भातच उपटलं. बाबांनी माझ्या हातातून ते अलगद काढून घेतलं आणि परत मातीत खोचलं. लावणीला रोप काढायला गेलो तर जमीन सोडेना. भाजलेल्या राबातलं रोप मुळासकट लोण्यातून निघावं तसं निघतं. हे मात्र मुळं तुटून हातात यायचं. जे लावलं त्यातलं पुष्कळ पिवळं पडून गेलं. उरलं ते उशिरा निसवलं, लोंब्या आल्या त्या पोचट निघाल्या. बाबांनी तरीही चार लोंब्या शोधून टांगल्या. पुढच्या वर्षी त्या नीट भाजलेल्या राबात पेरल्या, पण एकही दाणा उगवला नाही.

मी मुरबाडला शाळा सुटल्यावर आईच्या माहेरी गेले. मामीनं चहा दिला आणि म्हणाली, “अगो, ते आता कोन लावतंय? उंच वाढतंय, आडवं पडतंय. आमी कवाच सोडला. तुझी आई लावायची तेवढाच व्हता.” आजूबाजूच्या चार घरांतही विचारलं. एका म्हाताऱ्या बाईनं भाताचं नाव ऐकून नुसता वास घेतल्यासारखा श्वास घेतला. बी तिच्याकडेही नव्हतं.

बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. उलट दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी हाक, “तुझी बाई लाव गो!” मला तो आवाज ऐकवेना. मी म्हणाले, “ते बंद पडलं, बाबा.”

“बंद? म्हंजे नोकरी गेली काय तिची?”

“असेल.”

“अरेरे,” असं म्हणून त्यांनी पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मी त्यांचं बी घालवलं, आणि वर त्यांची सात मिनिटंही काढून घेतली. दोन वर्षं आम्ही पुन्हा समोरासमोर बसून चहा फुंकला.

या वर्षी सातवीला माती शिकवताना मला तो भाग आठवला. जखमेवरची खपली काढायची खोड असतेच माणसाला. मी तो वर्गात स्पीकरवर लावला. वर्ग सोडून उठून जाणं शक्य नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच सातही मिनिटं ऐकली. सहावं मिनिट संपलं, आणि बाई म्हणाली की पण एक लक्षात ठेवा, फार पावसाच्या भागात माती भाजण्यानं तणाचं बी मरतं, रोप सहज निघतं, त्यामागेही शास्त्र आहे. तेव्हा बदल करण्याआधी घरातल्या जाणत्या माणसांना विचारून बघा. उद्या पुन्हा भेटू.

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलांना वाटलं मी काहीतरी लिहिणार आहे.

घरी आले तेव्हा बाबा पडवीत सुतळी वळत बसले होते. मी चपला न काढताच म्हणाले, “बाबा, ते पॉडकास्ट बंद पडलं नव्हतं. मी खोटं बोलले.”

“म्हंजे बाईची नोकरी हाय?”

“आहे.”

“बरा झाला.” त्यांचा चेहरा खरंच उजळला. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

“बाबा, ती राबाचं बोलली होती, आठवतं? तुम्ही शेवट ऐकला होता?”

“मी रोजच ऐकायचो. तूच उठायचीस.”

“मग मला बोलला का नाहीत? ती सांगत होती, विचारा म्हणून! मी विचारलं नाही, पण तुम्ही सांगायचं तरी! आईचं बी होतं ते!” मी ओरडले. चूक माझी, आणि ओरडत होते त्यांच्यावर.

बाबांनी सुतळीचा पीळ अंगठ्यानं धरून ठेवला.

“वाटला व्हता सांगावा. पन तू संध्याकाळी आलीस ती किती बोलत व्हतीस. हात करून करून. आई गेल्यावर सा महिनं तुझा तोंड मी तसा बघितला नव्हता. म्हटला, बोलू दे.” मग पुन्हा पीळ घालत म्हणाले, “तुझी आई असती तर तुला एक धपाटा घालून गप केली असती. मला त्ये कदी जमला नाय.”

आता सकाळी पुन्हा पातेलं पडवीत येतं. मी शेवटपर्यंत बसते. त्यापायी एसटी चुकली तर चुकली. बाई म्हणते, “उद्या पुन्हा भेटू,” आणि बाबा म्हणतात, “हा, या उद्या.” चुलीवरच्या वाशाला जुडी बांधायची सुतळी तशीच लोंबते आहे, ती काढायला आमच्यापैकी कुणाचा हात जात नाही.

रात्री मी कंपनीच्या बियाण्याच्या तांदळाचा भात वाढते. बाबा पहिला घास घेतात आणि माझ्याकडे बघून रोज म्हणतात, “चांगला झालाय गो भात.” पण ताट पुढे सरकवत नाहीत.