वाटीवरचे ठोके

शेवटच्या भेटीत नलिनीने स्वतःच्या आजाराबद्दल काही सांगितलं नाही. मुलुंडच्या घरी, बाल्कनीकडच्या खोलीत ती उशांना टेकून बसली होती. स्वादुपिंडाचा कर्करोग पसरला होता. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं पूर्वीसारखंच तुटक आणि सरळ होतं. "परब आत आहेत की बाहेर?" एवढंच तिने विचारलं. माधव, तिचा नवरा, म्हणाला, "अजून ठरलं नाही गं." "म्हणजे बाहेर," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, माधवचा फोन आला. "गेली," एवढंच म्हणाला. त्याला आता काही आठवडे झाले आहेत. तिचा प्रश्न मात्र त्या घरातून हलला नव्हता. तो काय होता हे कळण्यासाठी ती काय काम करत होती, ते सांगायला हवं.

आम्ही शाळेत एका वर्गात होतो. पुढे ती डॉक्टर झाली, काही वर्षं दवाखाना चालवला आणि मग तो बंद करून उपनगरातल्या एका हृदयरुग्णालयाच्या संशोधन विभागात गेली. तिथे तिचं काम एकच होतं : हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांचं पुढे काय होतं, ते पाहणं. 'शस्त्रक्रिया यशस्वी झाली' हे वाक्य तिला अर्धवट वाटायचं. "तुम्ही पेपरवाले लिहिता, रुग्णाला जीवदान," असं ती मला म्हणायची. "मग सहा महिन्यांनी त्या रुग्णाच्या घरी कधी कुणी गेलंय का रे तुमच्यातलं?" उत्तर तिला ठाऊक असायचं. तरी दर वेळी विचारायची.

काही लोकांच्या हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. नाडी मग वाटेल तशी पडते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की माणूस आडवा होतो. म्हणून अशा लोकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. झडप दुरुस्त करायला छाती उघडलीच आहे, तर त्याच वेळी कप्प्याच्या भिंतीवर डागून व्रणाच्या रेषा पाडायच्या, म्हणजे भरकटणारे विद्युतप्रवाह अडतात आणि लय परत येते, असा एक उपचार आहे. ती लय किती जणांत टिकते, किती जणांत फिरून बिघडते, किती जणांना त्यानंतरही पक्षाघात होतो, हे नलिनीच्या अभ्यासाचे प्रश्न होते. उत्तरं यंत्रांवरच्या आलेखातून यायची. पण आलेख काढायला माणसं ठरल्या तारखेला यायला हवीत, आणि बरं वाटू लागलेली माणसं येत नाहीत.

त्यावर तिने स्वतःची एक पद्धत काढली होती. फोनवर ठोके मोजायला सांगितलं की लोक गोंधळायचे, आकडे चुकायचे. म्हणून ती सांगायची, घरातल्या कुणीतरी एका हाताने पेशंटची नाडी धरायची आणि दुसऱ्या हाताने, जसा ठोका लागेल तसा, पालथ्या वाटीवर चमचा वाजवायचा. मोजायचं काही नाही. ती पलीकडून ऐकायची. लय वेडीवाकडी वाटली की त्या माणसाला लगेच आलेखासाठी बोलावून घ्यायची. रविवारी सकाळी तिच्या घरी हेच चालायचं. फोन स्पीकरवर, समोर पोहे, आणि भांडुप, कांदिवली, घाटकोपरहून येणारे वाट्यांचे आवाज. शेजारच्या काकूंनी एकदा माधवला विचारलं होतं, "नलिनी तबला शिकतेय का हो? हात अजून बसलेला दिसत नाही."

शांताराम परब हे तिचे घाटकोपरचे पेशंट. मूळचे मालवणकडचे, आधी गिरणीत, गिरणी बंद झाल्यावर एका सोसायटीत वॉचमन. टेकडीवरच्या वस्तीत ते आणि मामी राहायचे. सगळे त्यांना परबमामाच म्हणत. त्यांच्या झडपेची दुरुस्ती झाली होती आणि त्या रेषाही पाडल्या होत्या. गोळीवर त्यांचा राग होता. दाढी करताना जरा कापलं तरी रक्त थांबत नाही, ही त्यांची तक्रार. "डाक्टरबाय, आयकतास मां? मामी वाजवता हां," असं म्हणून त्यांचा फोन सुरू व्हायचा. मामींचा हात पक्का होता. त्यांचे ठोके ऐकायला नलिनीला आवडायचं. ते कित्येक महिने एकसारखे पडत होते.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "मामा, एकदम झकास. घड्याळ लावून घ्यावं असं वाजतंय." ते हसले, ती हसली. एरवी ती प्रत्येकाला शेवटी बजावायची की लय नीट वाटली तरी गोळी चालू ठेवायची, कारण लय मधेच बिघडते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. त्या रविवारी ते वाक्य हसण्यात राहून गेलं. मामांनी फोन ठेवला आणि मामींना म्हणाले, "डाक्टरबाय म्हणतत झकास. मगे ही गोळी कित्या?" त्यांनी गोळी थांबवली. नलिनीला सांगितलं नाही. पुढचे रविवारही वाटी नीटच वाजली. मग एके सकाळी तोंड धुताना मामांच्या उजव्या हातातला तांब्या सुटला. तो हात पुन्हा उचलला गेला नाही. बोलणंही गेलं.

विभागप्रमुखांना, ज्यांना सगळे सर म्हणतात, ही हकीकत नलिनीने स्वतः सांगितली. अहवालाचं काम तेव्हा शेवटाला आलं होतं. सरांचं म्हणणं तिला समजत नव्हतं असं नाही. परबांनी गोळी आपल्या मनाने बंद केली, हा उपचाराचा दोष नाही, तेव्हा त्यांना निकालातून वगळावं, असं सरांचं मत होतं. नलिनी म्हणाली, "सर, उपचार माणसांवर होतो. आणि माणसं गोळ्या बंद करतात." सर म्हणाले, "मग तुझा फोनही लिहावा लागेल." ती म्हणाली, "तो परिच्छेद लिहून आणलाय."

हे मला माधवकडून कळलं. ती स्वतः याबद्दल फारसं बोलली नाही. बदल एकच दिसला. त्यानंतर तिने कुठल्याच पेशंटला छान, झकास, उत्तम यांतलं काही म्हटलं नाही. वाटी थांबली की म्हणायची, "ऐकलं. गोळी चालू." लोकांना ती तुसडी झाल्यासारखी वाटली. घाटकोपरचा फोन चालूच राहिला. फक्त मामांचं सुरुवातीचं वाक्य त्यात नसायचं. मामी नाडी धरून वाजवायच्या, मामा शेजारी बसलेले असायचे, आणि नलिनी ताट बाजूला सारून ऐकायची... आता ते ठोके एकसारखे नव्हते. अडखळायचे, दोन घाईने पडायचे, मग एवढं अंतर पडायचं की माधव आतल्या खोलीतून बाहेर येऊन उभा राहायचा.

ती गेल्यापासून तो आवाज तिला ओळखणाऱ्यांच्या कानात बसला आहे. सिग्नलला थांबलेला रिक्षावाला हँडलवर बोटं वाजवतो, वरच्या मजल्यावर कुणी खलबत्त्यात काही कुटतं, आणि ऐकणारा नकळत पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागतो. माधवची अवस्था याहून वाईट होती. रविवारी फोन येतच होते. बाकीच्या पेशंटना त्याने बातमी सांगून विभागाचा नंबर दिला. घाटकोपरला मात्र मामींनी त्याला विनवलं होतं, "भाऊ, ह्यांना सांगू नका. बाई गावाला गेल्यात असं मी सांगितलंय." तेव्हा माधव वाटी ऐकायचा आणि तिचेच शब्द म्हणायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

मध्यंतरी सर घरी आले. मीही तिथे होतो. चहा झाल्यावर ते म्हणाले, "अहवाल छापायला पाठवतोय. लेखकांमध्ये पहिलं नाव नलिनीचं घालायचंय. तुमची हरकत नसावी." पहिलं नाव तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. माधवने विचारलं, "परब?" सर म्हणाले, "तो मुद्दा वेगळा आहे, माधवराव." "मग तिचं नाव काढा," माधव म्हणाला. "पहिलं नको, शेवटचंही नको." सरांनी वाद घातला नाही. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बैठकीत त्या ओळीपाशी आलो की सगळे थांबतात. तिच्या खुर्चीकडे बघतात. मीही बघतो." आणि निघून गेले. आठवड्याने त्यांचा फोन आला. परब आत होते. फोनवरच्या चुकीचा परिच्छेदही, तिने लिहिला होता तसाच, आत होता. "निकाल जरा फिका दिसतोय आता," सर म्हणाले. "पण हाच जाईल."

माधवचं म्हणणं पडलं की हे मामांना कळायला हवं. ते कळवायचं तर ती नाही, हेही सांगावं लागणार. पुढच्या रविवारी त्याने मला बोलावून घेतलं. फोन वाजला, त्याने स्पीकर लावला. मामींनी वाजवायला सुरुवात करण्याआधीच तो म्हणाला, "मामी, थांबा जरा. फोन मामांच्या कानाला लावा." मग त्याने सांगितलं. नलिनी गेली. ती गावाला नव्हती. जाण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली होती, तुमचं जे झालं ते मोजलं जावं, आणि ते मोजलं गेलंय. चूक तिची होती, हेही तिने लिहून ठेवलंय.

पलीकडून मामांच्या घशातून निघालेला एक आवाज आला, त्यात शब्द नव्हता. तो पुन्हा आला, जरा मोठा. मामींचं "काय हवाय? पाणी?" असं ऐकू आलं. मग थोडी हालचाल, आणि मामी फोनवर आल्या. रडत होत्या.

"भाऊ, ते डाव्या हाताने मनगट दाखवतायत. माझं नाही, त्यांचं पण नाही... फोनकडे बोट करतायत. तुमची नाडी विचारतायत."

माधव उठून स्वयंपाकघरात गेला आणि वाटी-चमचा घेऊन आला. वाटी त्याने टेबलावर पालथी घातली. मग दोन्ही हातांकडे बघत उभा राहिला. ते एकट्याने करायचं काम नव्हतं. मी त्याचं मनगट धरलं. नाडी चटकन सापडेना, बोटं दोनदा सरकवावी लागली. सापडली तेव्हा चमचा उचलला आणि जसा ठोका लागत गेला तसा वाजवत राहिलो. पलीकडे मामा ऐकत होते.