नरनाळ्यावरचा दुसरा दिवस

गोदामाय आपल्या दिराशी बोलत नसत. पण त्याला सांगायचं असं काही त्यांनी कधी मनात ठेवलं नाही. मोट हाकताना त्या ते बैलाला सांगत. "ढवळ्या, सांग त्याले, बांधावरच्या बोरी आपल्या हायेत. तोडाच्या असन तं इचारून तोडाव्या." दीर तुळशीराम पलीकडे मिरच्यांत असे. तो मान वर न करता म्हणे, "सांग रे तिले, बोरी तुह्या असतीन, काटे माह्या पायात जातेत." ढवळ्या कान हलवी. वाटणी झाल्यापासून सात वर्षं दोघांचं बोलणं असं चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर बरं चाललं होतं.

गोदामाय म्हणजे माझ्या मैत्रिणीची, सुमनची आई. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. सुमन आणि मी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहत होतो. पुढे दोघी मास्तरणी झालो, आणि एका मे महिन्यात मी तिच्याकडे जायचं ठरवलं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात. माझ्या काकूला वाटलं, मी परमुलखात निघाले. तिने आठ दिवसांचा फराळ बांधून दिला. कल्याणला गाडी बदलून अकोला, तिथून धूळ खात मोटारीने अकोट, आणि तिथून सुमनच्या बैलगाडीने सातपुड्याच्या दिशेला त्यांचा मळा.

गोदामायनी पाणी देण्याआधी माझे हात पाहिले. "मास्तरीनबाई, हात निस्ते खडूचे दिसून राहिले. भाकर थापता येते का?" मी येते म्हटलं. त्यांनी लगेच चुलीपुढे बसवलं. माझी भाकरी अर्धी खाल्ली आणि सुमनला म्हणाल्या, "खात असतीन पुन्याकडं अशी."

नवरा गेल्यावर वांगी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, मिरच्या विकून त्यांनी मुलीला शिकवलं होतं. आदल्या पावसाळ्यात त्यांनी चाळीस संत्र्याची कलमं लावली होती. कलमांचा हा पहिलाच उन्हाळा. तो निभावला की पुढे बाग, नाहीतर पुन्हा वांगी. विहीर दिराबरोबर सामाईक होती. उन्हाळ्यात पाणी हळूहळू भरे, म्हणून मोटेचा दिवस ज्याचा त्याला सहा दिवसांनी येई. आपला दिवस चुकला तर ते पाणी दुसऱ्याचं होई, मागून मिळत नसे. प्यायचं पाणी मात्र कोणीही केव्हाही घागरीने काढावं. हे सगळं मला सुमनने नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर पुढचं झालं नसतं.

उत्तरेकडे डोंगरावर नरनाळा किल्ला दिसे. मला तो पाहायचा होता. गोदामाय जन्मापासून तो डोंगर पाहत होत्या, पण वर कधी गेल्या नव्हत्या. "कोन जाते? इथं वांगे कोन तोडन?" पण या वेळी त्या आपण होऊन निघाल्या. मोटेचेच बैल गाडीला जुंपले. एक रात्र पायथ्याच्या गावात ओळखीच्या घरी काढायची, दुसऱ्या दिवशी किल्ला पाहून संध्याकाळी घरी, असा बेत होता.

चढताना त्या आमच्या पुढे होत्या. नक्षीचा मोठा दरवाजा पाहून म्हणाल्या, "एवढं कोरलं अन् पान्याची सोय काय केली, ते दाखव." मी तलाव दाखवले, तेव्हा कुठे राजाला बरं म्हणाल्या. दुपारी दक्षिणेच्या तटावर आलो. खाली काळं, उघडं रान, आणि त्यात कुठेतरी एक हिरवा ठिपका. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "सुमे, ते पाह्य. आपली चिंच. तिच्या बुडाशी आपली हीर." मग त्या तिथेच तटावर बसल्या.

माझा निम्मा किल्ला राहिला होता. उद्याचा दिवस राहू या, असं मी म्हटलं. सुमनने आईकडे पाहिलं. गोदामाय ठिपक्याकडे पाहत होत्या. "राहू," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तोफ, बुरूज सगळं हिंडलो. त्या मात्र सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत त्याच तटावर बसून होत्या. मला वाटलं, बाई थकल्या.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी गोदामाय आणि ढवळ्यामागून मळ्यात गेले, तर कलमांची पानं गुंडाळली होती. आळी तडकली होती. मोटेचा दिवस आदल्या दिवशीच होऊन गेला होता. तुळशीराम बांधावर उभा होता. त्याने ढवळ्याला पाहिलं आणि सरळ त्याच्याशी बोलायला लागला. "कुठी गेला होता रे? काल दिसभर इचार करून राहिलो, माहे बैल जुपू का तिच्या मोटेले. इचारू कोनाले? तू नाई, तिचा पत्ता नाई. न इचारता पानी सोडलं असतं, तं तूच म्हनला असता का वावरात काहून घुसला."

मी त्याला म्हणाले, मग आता सोडा. तो खजील झाला. चुकलेल्या दिवसाचं पाणी पहाटेच त्याच्या मिरच्यांत गेलं होतं, विहीर तळाला लागली होती. गोदामाय एवढंच म्हणाल्या, "ढवळ्या, सांग त्याले, त्याची चूक नाई." आणि घागर उचलली.

पाच दिवस आम्ही तिघी सकाळ-संध्याकाळ घागरीने पाणी घालत होतो. माझ्या हातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी तुळशीरामची बायकोही घागर घेऊन आली. चाळीसांतली तेवीस जगली.

निघायच्या आदल्या दिवशी मी गोदामायची माफी मागितली. माझ्यासाठी राहिलात आणि सतरा कलमं गेली, वर एका शब्दाने बोलला नाहीत, असं काहीसं म्हणाले. त्या मेलेली कलमं उपटत होत्या. हातातलं एक बाजूला टाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुह्यासाठी कोन राहिलं, बाई? मोटेच्या दिसाचं सांगतलं असतं तं तू लगेच गाडी जुपाले लावली असती. मंग मलेबी उठा लागलं असतं." त्यांनी पुढच्या कलमाला हात घातला. "पन्नास वर्सं ह्या मातीत वाकून राहिली. तिथून एवढुसं दिसत होतं सगळं. अन् पहिल्यांदाच त्यात मी नोती."