खालची फळी

"डोळ्यासमोरचं महाग, पायापाशीचं स्वस्त," असं म्हणत काकू साडीच्या निऱ्या आवरायच्या आणि सुपरमार्केटच्या चकचकीत फरशीवर चक्क मांडी घालून बसायच्या. मग सगळ्यात खालच्या फळीवर हात घालून, मागचीपुढची पाकिटं काढून, चष्मा कपाळावर चढवून ती वाचत राहायच्या. येणारेजाणारे ट्रॉली वळवून पलीकडून जात. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना बघतो, मनात थोडंसं हसतो आणि पुढे जातो.

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत काकू समोरच्याच दारात राहायच्या. त्यांचं माहेर सटाण्याकडचं. बोलायच्या आपल्यासारख्याच, पण खूश झाल्या किंवा चिडल्या की अहिराणी बाहेर पडायची. पहिल्यांदा त्या दुकानात अशा बसल्या, तेव्हा दारावरचा मिशाळ वॉचमन पाण्याची बाटली घेऊन धावत आला. त्याला वाटलं, म्हातारीला भोवळ आली.

"आजी, काय झालं?"

"काही नाही रे बाबा. तूरडाळ बघतेय. चांगली शे."

पाणी मात्र त्यांनी पिऊन घेतलं. आणलेलं वाया कशाला घालवायचं, हा त्यांचा सरळ हिशोब. पुढे दुकानातल्या सगळ्यांनाच त्यांची सवय झाली.

मी त्यांच्याबरोबर बरेचदा जायचे आणि माझी शिकवणी व्हायची. घरून निघण्याआधी अर्धी भाकरी खायची, कारण उपाशी माणूस खरेदीला गेला की नको ते उचलतो. ट्रॉली घ्यायची नाही, हातातली टोपलीच घ्यायची. ओझं झालं की हातच सांगतो, आता पुरे. किमतीच्या चिठ्ठीवरचा मोठा आकडा सोडून कोपऱ्यातला किलोचा भाव वाचायचा. भाजी संध्याकाळी घ्यायची, तेव्हा तिच्यावर कमी किमतीची चिठ्ठी लागते. एकावर एक फुकट दिसलं की मी थबकायचे. काकू कोपराने ढोसून म्हणायच्या, "पोरी, एक तरी लागतं का घरात, ते आधी सांग."

कांदा मात्र त्यांनी दुकानात कधी घेतला नाही. "सटाण्याची लेक कांदा पाकिटातून घेते म्हटल्यावर माझा बाप स्वप्नात येऊन कान धरील," म्हणायच्या. भावाकडून गोणी यायची आणि त्यातले चार कांदे आमच्याही दारात यायचे.

बिल्डिंगमध्ये त्यांना मागून 'खालची फळी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. गच्चीवर पापड वाळत घालताना कुणी जास्तच खुसखुसलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "वरच्या फळीवाल्यांनो, चहा घ्यायला खाली या." चहा फक्कड असायचा. स्वस्त खाणं म्हणजे रडतखडत खाणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी काकूंकडे जेवायला हवं होतं. फ्लॉवरच्या दांड्यांचा रस्सा, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी, कोथिंबिरीच्या काड्यांचा ठेचा. मी त्यांच्याकडे मागून जेवलेय.

हे सगळं कंजूषपणा म्हणून नव्हतं. काका गेल्यावर मुलगा त्यांना पुण्याला बोलवत होता. मुलगा चांगला, सूनही चांगली. पण काकूंना स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यापाशी मरायचं होतं. हे त्या अगदी सरळ बोलायच्या. काकांच्या मागे जी काही पेन्शन येत होती तेवढ्यात भागलं, तर कुणाला बोलायला जागा राहणार नव्हती. "ज्याच्या ताटात जेवायचं, त्याच्या घड्याळानं उठायचं," त्या म्हणायच्या. "माझं पोट माझ्या हातात आहे, तोवर मी इथून हलत नाही." खालच्या फळीपाशी बसून त्या रोज तेच सांभाळत होत्या.

माझे सासरे गेले तेव्हाची गोष्ट. अंत्यविधी करून माणसं परत येतात, त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात. त्याला कडू घास म्हणतात. कुणाच्या घशाखाली उतरत नाही, पण कुणीतरी समोर बसून खायला लावतं. त्या संध्याकाळी काकू मोठं पातेलं घेऊन आल्या. पिठल्यात ताज्या कोथिंबिरीची नुसती पानं होती, काडी एकही नाही. भाकऱ्या नव्या पिठाच्या, पांढऱ्याशुभ्र. माझ्या नवऱ्यासमोर बसून त्यांनी त्याला लहान मुलासारखं भरवलं.

नंतर भांडी विसळताना मी म्हटलं, "काकू, तुमच्याकडे बेसन होतं की डबाभर. परवाच तर घेतलं आपण."

"ते ऑफरचं होतं," काकू म्हणाल्या. "दुःखाच्या घरी ऑफरचं नेऊ नाही. तिथं न्यायचं ते डोळ्यासमोरचं घ्यायचं, पहिलं हाताला येईल ते. भाव बघायचा नाही."

आयुष्यभर एकेका पाकिटामागचा भाव वाचणारी ही बाई त्या दुपारी न वाचता खरेदी करून आली होती. मला तेव्हा रडू आलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एका संध्याकाळी मी दूध घ्यायला दुकानात शिरले. काकू डाळींच्या रांगेत नेहमीसारख्या खाली बसलेल्या दिसल्या, मांडीवर टोपली.

"काय काकू, काय मिळालं आज?"

"मिळालं सगळं," त्या म्हणाल्या. "उठता येत नाही तेवढं."

उठताना पाय घसरला होता आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. किती वेळ त्या तशा बसून होत्या, कुणाला सांगता येईना. माणसं बाजूने जात होती, सामान लावणारे जात होते, वॉचमननेही पाहिलं होतं. कुणाच्या मनात काही आलं नाही. काकूंना खाली बसलेलं पाहायची सगळ्यांना सवय होती. वॉचमन बिचारा पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात उभा राहिला, पुढे यायचा धीर त्याला होईना.

दवाखान्यात नेताना रिक्षात मी त्यांच्यावर ओरडलेच. "हाक का नाही मारलीत कुणाला?"

वेदनेनं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाक मारली असती तर पुण्याला जावं लागलं असतं."

पुण्याला जावं लागलंच. मुलगा त्याच रात्री आला. आईचा हात हातात घेऊन बसला, एका शब्दानंही रागावला नाही. ऑपरेशन झाल्यावर त्यांना घेऊन गेला. त्याचं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही. जाताना काकूंनी ऑफरच्या बेसनाचा डबा माझ्या हातात दिला आणि दाराकडे न बघता वॉकर टेकत लिफ्टमध्ये शिरल्या.

पुण्याहून त्यांचे फोन यायचे. तब्येतीचं विचारलं की बरी आहे म्हणायच्या आणि लगेच, "फ्लॉवर कसा आलाय तिकडे?" तिथे सगळं मोबाइलवर मागवलं की दारात येत होतं. सुनेनं मोबाइल हातात देऊन सांगितलं होतं, आई, तुम्हाला हवं ते मागवा.

"अगं, पण त्यात खालची फळीच नाही," काकू म्हणाल्या. "बोट कितीही सरकव, सगळं डोळ्यासमोरचंच."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

हळूहळू फोन कमी झाले. मी केला तर सून उचलायची. आईंचं जेवण फार कमी झालंय, म्हणायची, काय करून घालावं तेच कळत नाही. आणि एका सकाळी मुलाचाच फोन आला.

फोन ठेवला आणि मी दुकानात गेले. डोळ्यांच्या पातळीवर होतं ते बेसन घेतलं, ज्वारीचं पीठ घेतलं, कोथिंबिरीची पहिली हाताला आली ती जुडी. एकाही चिठ्ठीकडे पाहिलं नाही. घरी येऊन भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, कोथिंबिरीची नुसती पानं घातली. डबा बांधून पुण्याची बस धरली.

मी पोचले तेव्हा सगळे स्मशानातून परतले होते. ओट्यावर बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे तसेच बंद होते. मी ताट वाढून मुलासमोर बसले. त्यानं पहिला घास घेतला आणि तो घास तोंडात तसाच धरून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग सावकाश गिळला आणि म्हणाला, "अजून वाढा, ताई."

परवा मी तूरडाळ बघायला दुकानात खाली बसले. माझेही गुडघे आता कुरकुरतात. चिठ्ठीवरचा बारीक भाव वाचत होते, तेवढ्यात फरशीवर धावत येणारी पावलं वाजली. वॉचमन होता. मिशा पिकल्या आहेत त्याच्या. हातात पाण्याची बाटली.

"ताई," तो धापा टाकत म्हणाला, "उठता येतंय ना?"

"येतंय," मी म्हटलं. पण मी लगेच उठले नाही. पाणी प्यायले, सगळं.