सत्तरी न गाठलेले म्हातारे

खडकी बाजारात डॉ. रतन ओव्हाळांचा एका खोलीचा दवाखाना होता. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या आम्हा कामगारांच्या मंडळाचे ते ठरलेले डॉक्टर आणि मी मंडळाचा चिटणीस. आम्ही त्यांना माणशी वर्षाला तीनशे रुपये द्यायचो, मग तो माणूस एकदा येवो नाहीतर रोज. पूर्वी यादीत मुलं-सुनाही असायची. ती क्वचित यायची, म्हणून डॉक्टरांचं जमून जायचं. पुढे पोरं कॉम्प्युटर कंपन्यांत लागली, तिथे त्यांना विमा मिळाला आणि यादीत उरलो आम्ही म्हातारे.

कुणाची साखर, कुणाचा दमा, कुणाचे गुडघे. काहींना तर घरी करमत नाही म्हणून बीपी तपासून हवं असे. डॉक्टर भरल्या ताटावरून उठायचे. पन्नाशीतच माणूस पार थकून गेला होता. २००४ साली त्यांनी मंडळाला पत्र दिलं : दर वयाप्रमाणे द्या, सत्तरीपुढच्यांचा दुप्पट करा, नाहीतर मला झेपणार नाही. हडपसरच्या एका कंपनीने त्यांना बोलावलं होतं. तिथले पेशंट पंचविशीतले, आणि दर माणशी तेवढाच.

मागणी रास्त होती. आम्ही टाळ्या वाजवून मंजूर केली. मग मी यादी काढली. दोनशे बारा जणांत सत्तरीपुढचे निघाले नऊ!

निघणारच. भरतीच्या वेळी आम्ही बहुतेकांनी चार-सहा वर्षं चोरलेली. गावच्या मास्तरांनी दाखल्यावर सोयीचं साल आणि एक जून टाकलं की काम झालं. डॉक्टर हे ओळखून होते. ते वय विचारायचेच नाहीत. "पानशेत फुटलं तेव्हा पोरं किती होती?" असं विचारून मनाशी हिशेब करायचे.

पुढच्या सभेला ते स्वतः आले. "सरकारी कागदाला हात लावू नका. मंडळाच्या वहीत तेवढं खरं वय लिहा," म्हणाले. आवाजात जीव नव्हता.

आमच्यातले हिंदुराव उठले. "आणि वही कुणाच्या हाती लागून पेन्शन बंद झाली, तर आपण पोसणार का आम्हाला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्र्याहत्तरचा, कागदावर अडुसष्टचा. वहीत पहिलं नाव मी माझं लिहिलं असतं, तर पाच-पन्नास जण तरी मागून आले असते. मी चष्मा पुसत बसलो. त्याचा आजही मला स्वतःचाच राग येतो.

महिन्याभरात त्यांचं हडपसरचं ठरलं. शेवटच्या दिवशी ते प्रत्येकाला नव्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून देत होते. माझी पाळी आली. बीपी घेऊन झाल्यावर पहिल्यांदाच त्यांनी सरळ विचारलं, "संपतराव, वय काय लिहू? औषधाचं प्रमाण त्यावर ठरतं."

"त्र्याहत्तर," मी चटकन म्हणालो.

मान वर न करता त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्याला हाक मारली.